ओळ सोडल्यावर

पडद्यावरच्या ओगावा मॅडमनी कानांवरचे हेडफोन बोटांनी जरासे दाबून धरले, मान कलती केली आणि हळुवार इंग्रजीत विचारलं, "माझा आवाज तुमच्यापर्यंत नीट पोचतो आहे ना?"

"नीट पोचतो आहे ना," भूमिका म्हणाली. आणि थांबली.

चौकटीत, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा खोलीत, मॅडमच्या पाठीमागे खिडकी होती आणि खिडकीत पानं झडलेलं एक झाड. मॅडम हसल्या. रागावलेलं माणूस हसतं तसं नाही, म्हाताऱ्या माणसाला पुन्हा एकदा मोठ्यानं सांगावं लागतं तेव्हा घरचं कुणी हसतं तसं. "लाइनचा काहीतरी घोटाळा दिसतो," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी पुन्हा बोलू या का?" "पुन्हा बोलू या का," भूमिका म्हणाली, आणि शब्द तोंडाबाहेर पडल्यावर तिला तो ऐकू आला, आपलाच आवाज, खाली उतरत जाणारा, सम गाठणारा. कोरडा समजून बांधावर पाय टाकावा आणि तो घोट्यापर्यंत आत जावा तसं तिला झालं. लाइनला काहीच झालेलं नव्हतं. मॅडमचा एकेक शब्द स्वच्छ आला होता. मघापासून त्या प्रश्न विचारत होत्या आणि ती प्रश्नाचं शेपूट उचलून, नीट सुरात, त्यांना परत देत होती. घरी शेती कशाची? शेती कशाची. इथं सहा महिने राहून काय शिकायचं आहे? काय शिकायचं आहे. आणि प्रत्येक वेळी शेपूट दिलं की गप्प. पुढचं कडवं पुढं उभा असलेला म्हणेल म्हणून.

चौकट काळी झाल्यावर पाठीमागची खुर्ची करकरली. विवेक सर मघापासून तिच्या मागेच बसले होते, अडलं तर सांगायला. गोंदियाच्या या कृषी महाविद्यालयातून परदेशी विद्यापीठात एका सत्रासाठी जायला आजवर कुणाचं नाव एवढ्या पुढं गेलेलं नव्हतं. जपानमधल्या विद्यापीठाची एकच जागा होती, भाताच्या पाण्याचा अभ्यास, एप्रिलपासून सहा महिने, आणि त्या जागेसाठी सरांनी दिवाळीपासून तिच्यामागं तगादा लावला होता.

"दो मिनिटाची बात व्हती यार भूमिका," सर म्हणाले. "ते बाई विचारून राहिली, तुले इथं कायले यावंसं वाटते. तू काय म्हटलं? कायले यावंसं वाटते. अन् मंग भिंतीवानी चूप. पोपटानं बी पुढं दोन शब्द टाकले असते."

"मले माहीतच नाही पडलं सर."

"माहीत नाही पडलं! इतके दिवस पाठ करून घेतलं मी. बिसराम शिपाई बी आता झोपेत सांगते, माय नेम इज भूमिका, आय एम फ्रॉम दवनीवाडा." मग तिचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "बाई चांगली हाय म्हणून उद्याचं बोलली. उद्या असं झालं तं जागा दुसऱ्या कॉलेजच्या पोराले जाते, तो तयारच बसला हाय. जा आता घरी. साजरं जेवजो, साजरं झोपजो. अन् उद्या बोलजो, बाप्पा."

बाहेर मार्गशीर्षाचं ऊन पडलं होतं, नुसतं दिसणारं, न लागणारं. रस्त्याच्या कडेला धानाची पोती लादलेला ट्रक मिलच्या फाटकात शिरता शिरता अडकला होता आणि त्याच्या मागं अडकलेले सगळे हिंदीत ओरडत होते. भूमिका ओढणी डोक्यावर घेऊन काळी-पिवळी जीपच्या अड्ड्याकडं चालत राहिली. आजूबाजूला माणसं बोलत होती. एक बाई दुसरीला म्हणत होती, मिरची चढली वं, आणि दुसरी म्हणत होती, हो ना, कालच मी पालक घेतला. कसं बोलतात माणसं? एकीचं संपतं तिथून दुसरी वेगळंच काही सुरू करते, कुणी कुणाचं उचलत नाही, पडलेल्या शब्दावर पाय देऊन सरळ पुढं जातात. तिला हे नवीन वाटलं. एकवीस वर्षं या गावात येत-जात असून हे आज दिसलं. "मॅडम, कहाँ? दवनीवाडा?" जीपवाल्यानं विचारलं. "दवनीवाडा," ती म्हणाली. "हाँ हाँ, दवनीवाडा, बैठो." ती बसली, आणि खिडकीच्या थंड लोखंडाला कपाळ लावून ठेवलं. म्हणजे इथंसुद्धा.

जीप भरायला वेळ लागला आणि मग निघाली. दोन्हीकडं कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, धसकटं, मधूनमधून पेंढ्यांचे पुंजणे रचलेले, मळणीची वाट बघत. या वाटेवरून ती किती वेळा मोठ्या आईबरोबर गेली असेल, मांडीवर टाळांची पिशवी घेऊन! मोठी आई म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, निर्मलाबाई. मोठे बाबा गेल्यावर वर्षभरानं तिनं चिपळ्या हातात घेतल्या. बाईमाणसानं कीर्तनाला उभं राहायचं म्हणून गाव आधी हसलं, मग ऐकायला आलं, मग दुसऱ्या गावांना सांगायला लागलं. बाबा मृदंगावर, बकाराम काका पेटीवर, आणि मागं झील धरायला कुणी नाही म्हणून पोरीला उभी केली. तेव्हा तिचं डोकं मोठ्या आईच्या कमरेला लागायचं. काम एकच. मोठी आई ओळ म्हणायची आणि अर्ध्यावर सोडून द्यायची, सोडलेली ओळ खाली पडू द्यायची नाही, वरच्या वर उचलायची आणि सुरात परत द्यायची, की मोठी आई पुढं निघायला मोकळी. त्या उचलण्यात जे सुख होतं ते भूमिकानं कुणाला सांगितलं नव्हतं. देव कुठं असेल तर त्या फटीत असेल, सोडलेल्या आणि धरलेल्या ओळीच्या मधल्या, असं तिला लहानपणी वाटायचं आणि अजूनही वाटतं. समोरून कीर्तन कसं दिसतं हे तिला माहीत नव्हतं. तिनं मोठी आई पाठीकडून बघितली होती, अंबाड्याखालचा तीळ, खांद्यावरून ओढून कमरेला खोचलेला पदर, आणि पदराखाली वर-खाली होणारी खांद्याची पाती. पाती वर जाऊन थांबली की श्वास सरला, आता ओळ सुटणार. मागच्या दोन वर्षांत ती लवकर थांबायला लागली होती. ओळ अर्ध्यावर सुटायची ती आता तिसऱ्या शब्दावरच सुटू लागली, आणि भूमिका तिथून उचलू लागली. लोकांना काही कळलं नाही, दोन आवाज एकमेकांत इतके मुरले होते. मोठी आई काही बोलली नाही, भूमिकाही बोलली नाही. पण पुढचा हिशेब तिला ठाऊक होता. एप्रिलमध्ये ती गेली की तिसऱ्या शब्दावर ओळ पडेल. रामनवमीला पडेल, चातुर्मासात पडेल, आणि दोनचारदा पडली की मोठी आई चिपळ्या खुंटीला लावील.

मग असंही असेल का, की आतल्या कुणीतरी जायचं नाही असं ठरवूनच टाकलंय आणि तोंड फक्त त्याचं ऐकतं आहे? हा विचार येताच ती सरळ बसली. नाही. जायचं होतं. जायचंच होतं. पण 'जायचं आहे' हेसुद्धा कुणाचं शेपूट? सर म्हणाले होते, अर्ज भर, ती म्हणाली, भरतो. बाबा म्हणाले, जा, ती म्हणाली, जातो. शाळेतही बाईंचे शेवटचे शब्द मुलांनी परत म्हणायचे, त्यात हिचा आवाज वर्गात सगळ्यात आधी, सगळ्यात स्वच्छ, म्हणून हुशार ठरली. आजवर आपण काही पहिल्यांदा बोललो आहोत का, कुणी न विचारता, कुणी अर्धं सोडलेलं नसताना? जीपमध्ये कुणीतरी बिडी पेटवली, धूर तोंडावर आला, आणि ती आठवत राहिली, हट्टानं, जणू हरवलेली चावी शोधते आहे. काही सापडलं नाही. दवनीवाडा आलं.

मोठी आई ओसरीत बसून संध्याकाळसाठी चिपळ्यांच्या झांजा राखेनं घासत होती. दत्तजयंतीचा सप्ताह चालू होता आणि आजचं कीर्तन तिचं.

"काऊन वं, तोंड काऊन उतरलं? बाई खेकसली का?"

"नाही. चांगली हाय बाई. मीच..." भूमिका उंबऱ्यावर बसली. "ते विचारे, अन् मी तिचंच शेपूट धरो."

"म्हणजे?"

"ते म्हणे, तुले काय शिकाचं हाय. मी म्हणो, काय शिकाचं हाय. अन् मंग चूप."

मोठ्या आईचा राखेचा हात थांबला. मग ती हसायला लागली, आधी नुसते खांदे, मग सगळी. "धृपद धरलं म्हण की माय! मंग? तिनं पुढचं कडवं म्हटलं का नाही?"

"मोठी आई, हसू नको ना."

"हसू नाही तं काय करू! जपानच्या बाईमांगं झील धरून आली माही पोरगी." डोळ्यांतलं पाणी तिनं मनगटानं पुसलं, कपाळाला राख लागली. बाबा आत मृदंगाला कणीक लावून थाप बघत होते, तिथूनच म्हणाले, "टाळ नेले असते तं बरं झालं असतं." भूमिकालाही हसू आलं आणि हसता हसता रडूही, आणि मग ती ते बोलली, जे दोन वर्षं कुणी बोललं नव्हतं. "मी गेली तं तुही ओळ कोण धरन?"

मृदंगावरची थाप थांबली. मोठ्या आईनं घासलेली झांज उन्हाकडं धरून बघितली, फुंकर मारली. "आज तू मांगं नको उभी राहू," ती म्हणाली. "बायकाइत बस."

"अन् ओळ?"

"ओळ काही माह्या बापाची नाही अन् तुह्याबी बापाची नाही. पडली तं ज्याची हाय तो पाहून घेईन."

"मोठी आई, तुले श्वास..."

"मले माहीत हाय ना माहा श्वास कुठं सरते." हे ती सौम्यपणे म्हणाली, पण दार लावावं तसं. "बायकाइत बसजो म्हटलं ना? अन् एक सांगतो. तोंड उघडशील तं पाह्य."

मंदिरापुढच्या मांडवात दिवेलागणीला माणसं जमली. भूमिका सुशिलाबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसली आणि तिचे हात मांडीवर नुसते पडून राहिले. टाळ नसलेले हात एवढे जड असतात हे तिला माहीत नव्हतं. सुशिलाबाई शेजारच्या गल्लीतल्या, बारा महिने खोकणाऱ्या आणि बारा महिने बोलणाऱ्या. "काय वं, आज इकडं? मांगं कोणी नाही वाटते. भांडण झालं का? जपानात म्हणे कच्ची मासोळी खातेत. तू तं माळकरी घरची, काय खाशीन?" "भात," भूमिका म्हणाली. "भात पिकते तिथं?" "पिकते." "हात्तीच्या," सुशिलाबाई म्हणाल्या, "मंग कायले इतक्या दूर जाऊन राहिली, भात तं इथं बी हाय." आणि खोकल्या. याला उत्तर द्यायला हवं असं भूमिकाला फार वाटलं, पण तेवढ्यात बकाराम काकांनी पेटीवर सूर धरला आणि मोठी आई उभी राहिली.

समोरून. आजवर पाठ बघितली आणि आज हा चेहरा. ओळखीचा होता, सकाळ-संध्याकाळ चुलीपाशी बघितलेला, आणि तो नव्हताच. गळ्यात हार, कपाळाला बुक्का, डोळे अर्धे मिटलेले, आणि ओठांवर असं काही, जसं कुणी घरातली सगळ्यात चांगली वस्तू पदराखाली घेऊन द्यायला निघालं आहे. नमन झालं. मग आख्यान लागलं, वैनगंगेकाठच्या एका म्हाताऱ्या ढिवरणीचं, कोळिणीचं. ती रोज संध्याकाळी पानाच्या द्रोणात दिवा ठेवून नदीत सोडायची, आणि एका पुराच्या संध्याकाळी तिला शंका आली की आपला देव या काठाला आहे की त्या काठाला, दिवा नक्की कुठं पोचायला हवा? मोठी आई गोष्ट सांगायची तेव्हा बायका हुंकार द्यायच्या, पुरुष माना हलवायचे. मग ती सुरात आली, धृपदावर. अलीकडे तूच, देवा, पलीकडे तूच. पहिल्यांदा तिनं सबंध म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणू लागली, अलीकडे, तूच, देवा, आणि पदराखाली खांद्याची पाती थांबली असणार, समोरून ती दिसत नव्हती, पण भूमिकाच्या स्वतःच्या पाठीत काहीतरी वर जाऊन थांबलं. ओळ सुटली.

कुणी धरली नाही. मृदंग एक मात्रा चुकला. बाबा मागच्या रिकाम्या जागेकडं बघून बिचकले, हात पुन्हा ठेक्यावर आला, तिथंच फिरत राहिला. पेटी एकाच सुरावर थरथरत थांबली. मांडवातले लोक बघत राहिले. पलीकडे तूच, पलीकडे तूच, शब्द भूमिकाच्या जिभेवर आलेच होते, दातांना आतून धडका देत होते. ते बाहेर सोडणं किती सोपं होतं, केवढं धर्माचं होतं. पडणारी ओळ बघत बसणं याच्याएवढं पाप तिनं आजवर केलं नव्हतं. तिनं ओढणीचं टोक दातांत धरलं. समोर मोठी आई उभी होती, चिपळ्या अधांतरी, डोळे मिटलेले, आणि तिच्या तोंडावर भीती नव्हती. मागं वळूनही बघत नव्हती. दिवा सोडला, आता पाणी जाणे, अशी उभी होती. ती शांतता लांबत गेली. आणि त्या लांबलेल्या शांततेत भूमिकाला, का कोण जाणे, कालव्याचा वास आला.

चोरखमारा तलावाच्या कालव्याचा. तिकडं मामाचं गाव, आणि मामाची बांधी कालव्याच्या अगदी टोकाला, शेवटची, तलावाचं पाणी सगळ्यांचं होऊन उरलं तर येणारी. ती अकरावीत होती. वर पाणी सोडलं असं सांगत कुणी आलं म्हणून मामा, मामी, सगळे कोरड्या कालव्याच्या काठाला जाऊन उभे राहिले. तीही उभी राहिली. तळाची माती तडकलेली, तिच्यात एक चप्पल रुतून वाळलेली. मग लांबून फेस आला, काटक्या, पानं, फेसामागं पाण्याची मळकट जीभ, आली, आली, आणि दोन बांध्या अलीकडं थांबली. मातीनं पिऊन टाकली. मामा म्हणाला, झालं, आणि घरी वळला. दरवर्षी असंच व्हायचं, त्यात बोलण्यासारखं काय होतं? सगळे वळले. ती वळली नाही. "मंग बाकीचं पाणी गेलं कुठं?" ती मोठ्यानं म्हणाली होती. कुणाला? कुणाला नाही. तिथं कुणी नव्हतं. कुणी अर्धं सोडलेलं नव्हतं ते. आणि उत्तर कुणी दिलं नाही म्हणून ती एकटीच कालव्याकाठानं उलटी चालत सुटली होती, चपला हातात घेऊन, कुठं झिरपतं, कुठं फुटलं आहे, कुठं कुणी रात्रीतून दगड लावला आहे ते बघत, ऊन उतरेपर्यंत. मामीनं नंतर फार बोलून घेतलं. पण ती कृषीला गेली ती सरांमुळं नाही, बाबांमुळं नाही. त्या प्रश्नामागं गेली. हे होतं की इथं, एवढी वर्षं, आणि तिला सापडत नव्हतं!

"पलीकडे..." शेजारी कुणीतरी खोकलं आणि त्याच खोकल्यात गाऊ लागलं. सुशिलाबाई. सूर पार वेगळा, पेटीपासून मैलभर लांब, लग्नातल्या हळदीच्या गाण्याचा असावा तसा. "...पलीकडे तूच!" मागची एक म्हातारी हसली आणि तिनंही उचललं. मग पुढच्या रांगेतून दोघी, मग पुरुषांतून एक जाड आवाज, मग कोण कोण. ओळ वेडीवाकडी झाली, रुंद झाली, मांडवाबाहेर चपलांपाशी उभ्या असलेल्यांपर्यंत गेली आणि तिथून परत आली. मोठ्या आईनं डोळे उघडले. तिला एवढं हसू आलं की पुढचं कडवं तिला हसतच सुरू करावं लागलं. भूमिकानं ओढणी दातांतून सोडली. ती म्हणाली नाही. शेवटपर्यंत म्हणाली नाही, सगळं गाव म्हणत असताना ती एकटी तोंड मिटून, गाल भिजवून बसून राहिली. तिला वाटलं, आज पहिल्यांदा कीर्तन ऐकलं.

आरती झाली, प्रसाद झाला. मोठी आई गळ्यातला हार काढून पोथीवर ठेवत होती तिथं भूमिका गेली आणि पाया पडली.

"पडली का वं ओळ?" मोठ्या आईनं विचारलं.

"पडता पडता राहिली."

"तुले उचलावंसं वाटलं?"

"बहुत."

"मले दिसलं. ओढणी फाटली का पाह्य." तिनं बुक्क्याचं बोट भूमिकाच्या कपाळाला लावलं. "इतके वर्ष तू असं फटकन उचलो ना, म्हणून मले गाव ऐकूच नाही आलं. बेसूर हाय मेलं. पण हाय." मागं सुशिलाबाई कुणाला तरी सांगत होत्या, अजून त्याच जोरात, की निर्मलाबाई इसरली वाटते, मीच सांभाळून घेतलं म्हणून बरं. मोठ्या आईनं डोळे मोठे करून भूमिकाकडं बघितलं, आणि एकीनं पदराआड, दुसरीनं ओढणीआड तोंड लपवलं.

सकाळी बाबांनी मोटारसायकलवर काळी-पिवळीपर्यंत सोडलं. वाटेत धुकं होतं, आणि धुक्यात कुठंतरी सारस ओरडला, मग दुसरा. बाबा दरवेळी सांगत की नर अर्धं ओरडतो आणि मादी पुरं करते. आज ते काही म्हणाले नाहीत, फक्त ती उतरल्यावर टाकीवर बोटांनी एक तुकडा वाजवला आणि म्हणाले, "मी ठेका नाही सोडत. तू बोल."

महाविद्यालयातल्या त्याच खोलीत सरांनी लॅपटॉप उघडला, वायर जोडली आणि आपली खुर्ची ओढून तिच्या मागं ठेवली. भूमिका बसली नाही.

"सर, तुम्ही बाहेर बसता का?"

"काऊन? मले हाकलून राहिली का तू?"

"हो सर."

तिच्या कपाळावर कालचा बुक्का तसाच होता, धुताना तिनं तो सांभाळला होता. "अडली तं?" सर म्हणाले. "अडली तं अडन," ती म्हणाली. त्यांनी खुर्ची उचलली, दारात थांबले, म्हणाले, "बिसरामले बी आत येऊ देत नाही मी," आणि दार ओढून घेतलं. मागं आता कुणी नव्हतं. पाठ उघडी वाटली, पाठीला खोलीतला गारवा लागला. मोठ्या आईची पाठ अशीच उघडी असायची एवढी वर्षं, आणि आपल्याला वाटायचं की आपण तिच्या मागं आहोत म्हणून ती उभी आहे.

चौकट उजळली. तेच झाड, त्याच मॅडम, आज गळ्यात करडा रुमाल. "आज आवाज येतो आहे का?" त्यांनी विचारलं. येतो आहे का, जीभ उचललीच होती. तिनं ती टाळ्याला दाबून ठेवली. "येतो आहे," भूमिका म्हणाली. "कालही येत होता. लाइन बरोबर होती, मॅडम. माझी सवय आहे. आमच्याकडं देवाचं गाणारी पुढं उभी राहून ओळ सोडते आणि मागची ती धरते. मी लहानपणापासून मागची आहे." हे पाठ केलेलं नव्हतं, इंग्रजी कुठं कुठं मोडलं, ती मोडक्यावरूनच पुढं गेली. मॅडमनी हात हनुवटीखाली घेतले. "आणि इथं तुम्हाला कशासाठी यायचं आहे?" त्यांनी विचारलं, कालचाच प्रश्न.

भूमिकानं श्वास घेतला, पुरता, खांद्याची पाती वर जाईपर्यंत. "मी सोळा वर्षांची असताना एका कोरड्या कालव्याच्या शेवटच्या शेतात उभी होते," ती म्हणाली. "वर तलाव भरलेला होता, पाणी सोडलेलं होतं, आणि ते आमच्यापर्यंत येता येता संपलं. सगळे घरी गेले. मी विचारलं, पाणी गेलं कुठं. अजून तेच विचारते आहे. तुमच्याकडं शेवटच्या शेताच्या पाण्याची पाळी गावं मिळून कशी लावतात ते मला तिथं राहून, चालून बघायचं आहे. आणि परत येऊन त्याच कालव्याकाठानं पुन्हा चालायचं आहे. त्या तलावाचं नाव चोरखमारा."

आणि तिनं ओळ सोडली.

चौकट हलली नाही. मॅडमचे ओठ हलले नाहीत, पापणी हलली नाही, खिडकीतलं झाड नुसतं थिजून राहिलं. आवाज गेला असेल, अर्ध्या समुद्रात कुठंतरी वाहत असेल, किंवा पोचला असेल आणि मातीनं पिऊन टाकला असेल. भरून काढावंसं वाटलं. काहीही बोलून, सॉरी म्हणून, हॅलो म्हणून, निदान तेच पुन्हा म्हणून. दाराच्या काचेवर सरांच्या डोक्याची सावली पुढं-मागं होत होती. भूमिकानं दोन्ही हात मांडीवर ठेवले, नुसते, जड, आणि मागं वळून बघितलं नाही. ती उभी राहिली त्या शांततेत, बसल्या जागी, जशी एक बाई काल चिपळ्या अधांतरी धरून उभी होती. मनातल्या मनातही तिनं काही म्हटलं नाही, देवाला हाकसुद्धा नाही. ही फट त्याचीच होती.

मग चौकट किंचित थरारली. मॅडम पुढं वाकल्या, हेडफोन पुन्हा बोटांनी दाबला, आणि दूरवरून, लहान मूल नवा शब्द तोंडात घोळवतं तसं, एकेक अक्षर जपून त्यांनी उचललं.

"चो-रु-का-मा-रा?"

वेडावाकडा सूर, पेटीपासून मैलभर लांब. भूमिका हसली, आणि हसतच पुढच्या कडव्याला लागली.